कवळीवाले काका आणि बाहुलीचा ओठ

थांबा, आधी हे ऐका. डबा उघडा ठेवून बसले मी, भाजी गार होऊन राह्यली, होऊ द्या. हे मला आत्ताच सांगायचंय, न्हाईतर संध्याकाळपर्यंत पोटात दुखंल.

झालं काय, आमच्या ऑफिसातल्या एका ताईनं तिच्या लेकीची बाहुली आणली. हात निखळला होता, चिकटवायचा होता. मी बाहुली हातात घेतली आणि माझा अंगठा आपोआप गेला तिच्या डोळ्यावर. सपाट! नुसती काळी रेघ. माझ्या तोंडातून निघून गेलं, "अगं बाई, हिला पापणीच न्हाई!" सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्यांना काय माहीत मी दोन वर्षं कोणाच्या घरात राहून आले ते.

तर ते काका. नाव न्हाई सांगत, त्यांना आवडायचं न्हाई. सगळं राजूर त्यांना कवळीवाले काका म्हणतं.

मी शहागडची. मला पहिली नोकरी लागली राजूरला, दाखले आणि सातबारा काढून द्यायच्या सेंटरवर, कॉम्प्युटरवर बसायची. खोली पाहिजे होती. कोणीतरी सांगितलं, गणपतीच्या मंदिराकडून खाली उतरलं की निळ्या दाराचं घर हाय, वरची खोली रिकामी हाय. मी गेले. दारात एक उंच, काटकुळे म्हातारे, कपाळावर चष्मा चढवलेला आणि नाकावर अजून एक चष्मा. मी म्हणलं, "जय भीम काका, खोलीचं विचारायचं होतं." ते म्हणले, "जय भीम. आ कर."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं न्हाई.

"आ कर, आ. तोंड उघड."

आणि मी केलं की! कामून केलं ते माझं मलाच माहीत न्हाई. काकांनी मान वाकडी करून आत बघितलं, डॉक्टर बघतात तसं, आणि मागं वळून ओरडले, "अगं ए, खोली द्यायची हिला. वरचा सुळा तिरपा हाय पण स्वच्छ हाय."

आतून काकूंचा आवाज आला, "सुळ्याचं काय लोणचं घालता? पोरगी कोणाची, कुठली, ते विचारा आधी!"

काकांनी तीसेक वर्षं जालन्यात कवळ्या बनवल्या होत्या. म्हंजे दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घ्यायचे आणि काका त्या मापावर मेणाची हिरडी करून तिच्यात एकेक दात बसवायचे. मंग मशीनवर दात निघायला लागले, डॉक्टर लोक मोठ्या शहरातून मागवायला लागले, काका गावाला परत आले. पण डोक्यातून तोंडं काही गेली न्हाईत. त्यांना माणसाचं नाव आठवायचंच न्हाई. "तो आल्ता गं, खालचे दोन दात एकावर एक बसल्याले." काकू म्हणायच्या, "म्हंजे पोस्टमन." बराबर पोस्टमनच असायचा. एसटीत कोणी जांभई दिली तर काका वाकून बघायचे. भांडणं झाल्यात त्याच्यावरून!

बाहुल्यांचं कसं सुरू झालं ते मला काकूंनी सांगितलं. अंगारकीला राजूरला दुकानं लागतात तुम्हाला माहीत असंल, बांगड्या, फुगे, खेळणी. काका तिथून चालले होते आणि एका दुकानात हसरी बाहुली बघितली. तिचे दात म्हंजे एक पांढरी पट्टी. नुसती पट्टी! दाताला दात न्हाई, मधे फट न्हाई, हिरडी न्हाई. काका दुकानदाराला म्हणले, "हिनं भाकर कशी खायची?" तो म्हणला, "काका, बाहुली हाय ती." काका म्हणले, "मंग हसवली कशाला?" आणि रागारागात ती बाहुली विकत घेऊन घरी आले. बिलकुल रागात. दात करून बसवले, वरचे सहा, पुढचा एक जरा पडका. तेव्हापासून जे सुटले ते सुटलेच.

त्यांचं काम कसं चालायचं ते सांगते. बाजारातली साधी प्लास्टिकची बाहुली घ्यायची. नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं तिचं तोंड पुसून टाकायचं, डोळे, ओठ, भुवया, सगळं. कोरं तोंड. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला भ्याव वाटलं होतं. मंग पाइप गळायला लागला की लावतात ना ती दोन तुकड्यांची पुट्टी, ती मळायची. दोन रंग एक झाले की थोडाच वेळ हातात असतो, नंतर तिचा दगड होतो. तेवढ्यात बारीक बारीक वळ्या करून पापण्या बसवायच्या, नाकपुड्या, ओठाच्या कडा, कानाची पाळी. सुईनं, दातकोरण्यानं, छत्रीची काडी घासून केलेल्या पट्टीनं. वाळलं की रंग. रंगसुद्धा फासायचा न्हाई, खडूची पूड करून मऊ ब्रशनं थर थर चढवायची. आणि सगळ्यात शेवटी डोळ्याच्या कोपऱ्यात बिनरंगी नेलपॉलिशचा एक ठिपका. त्या ठिपक्यानं डोळा ओला व्हायचा. खरं सांगते, अंगावर काटा यायचा.

रंग मात्र आपल्यासारखे. गहूवर्णी, सावळा, काळा. गोरी बाहुली करा म्हणलं की काका विचारायचे, "कोण हाय गोरं? आणा, बघतो."

आणि पापण्यांचे केस! मी राहायला जाऊन चार दिवस झाले होते. सकाळी काका जिन्यावर आले आणि म्हणले, "पोरी, कंगव्यातले केस टाकत जाऊ नको. मला देत जा." मी वर पळाले. आईला फोन लावला शहागडला. आई म्हणली, "ए माय! केस मागतो? जादूटोणा करतो का काय तो म्हातारा? जल्दी खोली सोड!" मी खाली जाऊन काकूंना घाबरत घाबरत विचारलं तर काकू इतक्या हसल्या की चहा उतू गेला. मला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं कुंडीतल्या मातीत काड्या खोचलेल्या आणि प्रत्येक काडीवर एक मुंडकं, वाळत घातलेलं. काकू म्हणल्या, "बघ बाई. घरात माणसं दोन आणि तोंडं चाळीस. आणि त्यातलं एक मला विचारत न्हाई जेवलीस का म्हणून."

काकूंच्या तोंडाचा असा पट्टा चालायचा, पण बाहुल्यांची झबली, लुगडी सगळी त्याच शिवायच्या. माप चुकू द्यायच्या न्हाईत.

मंग मी काय केलं, रील टाकायला लागले. कोऱ्या तोंडापासून ओल्या डोळ्यापर्यंत. लोकं वेडी झाली! ऑर्डरी यायला लागल्या. काकांचा मात्र एक नियम होता, ज्याचं तोंड करायचं त्यानं समोर यायचं. फोटो चालणार न्हाई. समोर बसवायचे, विचारायचे, "हात लावू का?" आणि हो म्हणलं तर डोळे मिटून अंगठा फिरवायचे. कपाळ, भुवईचं हाड, नाकाचा कणा, ओठ, हनुवटी. "फोटोत रंग दिसतो," म्हणायचे. "तोंड म्हंजे जमीन हाय. कुठं चढ, कुठं उतार, कुठं नाला. ते पायी फिरल्याबिगर कळत न्हाई."

एका शाळेतल्या मास्तरणींनी त्यांच्या हेडमास्तरांना काकांसमोर आणून बसवलं आणि निरोपासाठी त्यांची बाहुली करून घेतली. छोटासा तारेचा चष्मा घातलेली. समारंभात कोणीतरी गंमत म्हणून चष्मा काढला, तर खाली नाकावर दोन्ही बाजूला चष्म्यानं पडलेले दोन खड्डे! सगळा हॉल हसला. हेडमास्तर मात्र हसले न्हाईत, नाकाला हात लावून बघत बसले. मी तिथंच होते, रील काढून राह्यले होते.

मलापण शिकवायचे. मी पहिली पापणी केली ती जाड रेघ झाली. काका म्हणले, "डोळा मीट. बोट लाव. आता सांग, पापणी रेघ हाय का?" न्हाई, तिला जाडी असती. आणि तिच्या काठावरून केस निघतात, वरून न्हाई. "घराला उंबरा असतो तसा डोळ्याला पापणीचा काठ असतो," म्हणले. "उंबऱ्याबिगर घर करती का कोणी?" मी दुसरी केली. काकांनी दोन्ही चष्मे लावून बघितलं आणि काकूंना हाक मारली, "अगं, चुना आण. हिच्या बाहुलीला गांधीलमाशी चावली."

असे होते. कौतुक करायचे न्हाईत. चांगलं झालं की नुसतं "हं" म्हणायचे आणि ते मुंडकं स्वतःच्या कुंडीत खोचायचे. माझं पहिलं मुंडकं त्यांच्या कुंडीत गेलं त्या दिवशी मी सेंटरवर सगळ्यांना पेढे वाटले. कशाचे पेढे म्हणून विचारलं तर सांगता येईना.

पण मला सांगायचंय ते हे न्हाई. मला त्या पोरीचं सांगायचंय.

केदारखेड्याहून एक बाई आल्ती. माझ्यापेक्षा चारेक वर्षांनीच मोठी असंल. शेतकऱ्याघरची, डोक्यावर पदर, हातात मोबाईल घट्ट धरल्याला. माझं रील बघून आल्ती. तिची लेक सात वर्षांची. पोरीचा ओठ जन्मतःच फाटलेला होता, वरचा. तान्ही असताना ऑपरेशन झालं, ओठ जोडला, बोलते-खाते सगळं बराबर. पण व्रण राह्यला. पोरं शाळेत चिडवायला लागली. तेव्हापासून पोरगी तोंडावर हात धरून बसायची. कायम. एका हातानं लिहायची, एका हातानं तोंड झाकायची. जेवताना भिंतीकडं तोंड करायची. आणि आता दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतच जाईना झाली होती. दप्तर दिसलं की पोटात दुखायचं म्हणे.

"तिला तिच्यासारखी बाहुली पाहिजे," ती बाई म्हणली. "तिनं तुमच्या रीलमधी बघितली. पण काका, तेवढं ते नका करू."

"ते म्हंजे?" काका.

"ओठाचं."

काका म्हणले, "मंग ती तुमच्या पोरीची बाहुली कशी होईल? दुसऱ्या कोणाची तरी होईल."

"तिला अजून आठवण करून द्यायची का मी? घरातला आरसासुद्धा मी वर पत्र्याजवळ टांगला, तिचा हात पुरू नये म्हणून. ती विसरावी म्हणून मी काय काय करून राह्यले आणि तुम्ही..."

"झाकल्यानं तोंड जातं का ताई कुठं?"

बाईच्या डोळ्यात पाणी आलं. ती उठलीच. मी काकांवर इतकी चिडले! ती गेल्यावर म्हणलं, "काका, काय बिघडलं असतं? एक व्रण न्हाई केला तर?" काकू पण म्हणल्या, "माणसाचं तोंड वाचता येतं तुम्हाला, मन कधी वाचाल?" काकांच्या हातातली पुट्टी तशीच वाळून दगड झाली. हे मी पहिल्यांदा बघितलं.

दोन दिवसांनी तिचा मला फोन आला. आवाज बारीक. "ताई, त्यांना म्हणा करा. आहे तशी करा. पण तिला दाखवायच्या आधी मी बघणार. मला पटलं न्हाई तर मी नेणार न्हाई."

काका म्हणले, पोरीला घेऊन या. बाई म्हणली, ती अनोळखी माणसासमोर हात काढणारच न्हाई. फोटो तरी? फोटोतपण हात. लग्नातला फोटो, हात. वाढदिवसाचा फोटो, केकसमोर बसल्याली, हात. शेवटी बाईनं एक फोटो पाठवला. तिच्याच मोबाईलमधी सापडलेला. पोरीनं कधीतरी एकटीनं, स्वतःच स्वतःचा काढल्याला. हात न्हाई. सरळ कॅमेऱ्यात बघून राह्यली.

मी तो सेंटरवर मोठा करून छापला आणि काकांना नेऊन दिला. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला. फोटोवर काम केलं.

बारा दिवस लागले. ओठावरचा व्रण म्हंजे नुसती रेघ न्हाई, हे मला तेव्हा कळलं. मधून जरा वर उचलल्याला, दोन्ही बाजूनं बारीक टाक्यांच्या खुणा, ओठाची कड तिथं हलकीशी मोडल्याली. काका केसाएवढी पुट्टीची वळी लावायचे, बघायचे, काढायचे. परत लावायचे. आणि बाकीची पोरगी काय सुंदर केली होती! दोन वेण्या, डाव्या भुवईत भोवरा, खालचा एक दात पडल्याला. काकूंनी शाळेचा ड्रेस शिवला, निळा आणि पांढरा.

चतुर्थीला ती बाई दर्शनाला आली आणि तशीच आमच्याकडं आली. पोरगीपण बरोबर. घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणे. पोरगी दाराच्या आडाला उभी राह्यली, हात तोंडावर. काकूंनी तिला मुद्दाम बाहेर ओट्यावर बसवलं, चिवडा दिला. मंग मी, काकू आणि बाई आत.

काकांनी रुमालात झाकलेली बाहुली काढून बाईच्या हातात दिली.

बाई बघतच राह्यली. मंग तिचा अंगठा गेला बाहुलीच्या ओठावर. आणि तिथंच थांबला. तिचं तोंड एकदम बदललं.

"काका, हे चुकलंय."

"काय?"

"बाजू चुकली. माझ्या पोरीचं डावीकडं हाय. हे तुम्ही उजवीकडं केलं."

"फोटोत उजवीकडंच हाय," काका म्हणले आणि फोटो काढून दाखवला.

"फोटोचं मला काय सांगता? रोज रात्री ह्याच अंगठ्यानं मी तिच्या ओठाला तेल लावते. सात वर्षं झाली. माझा अंगठा इकडं जातो, तिकडं न्हाई!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यानं स्वतःचा फोटो काढला की कित्येक मोबाईलमधी तो आरशासारखा उलटा येतो. डावं उजवीकडं. हे मला माहीत होतं! रोज रील काढणारी पोरगी मी, मला नसणार माहीत? दुकानाच्या पाट्या उलट्या येतात म्हणून मी चिडायचे. आणि ह्या फोटोच्या वेळी मला आठवलं न्हाई. मी तसाच छापला, तसाच दिला.

मी रडायलाच लागले. "काका, माझं चुकलं. फोटो उलटा हाय."

काका मला रागावले न्हाईत. खाली बसले. तीस वर्षांत एक दात इकडचा तिकडं झाला नव्हता त्यांचा, ते स्वतः सांगायचे. भुवईतला भोवरा उलटा, दात उलटा, ओठ उलटा. मंग त्यांनी बाईच्या हातातून बाहुली घेतली, पात्याचा चाकू उचलला आणि बाहुलीच्या ओठाला लावला. म्हणले, "पुसतो. सगळं पुसून नव्यानं करतो."

"न्हाई!"

दारातून आवाज आला. पोरगी. कधी येऊन उभी राह्यली होती कोणाला कळलंच न्हाई. हात तोंडावरच, पण आवाज असला मोठा की काकांचा चाकू खाली पडला.

"नका पुसू! बराबर हाय ती!"

आई म्हणली, "अगं बाळा, चुकलंय ते. तुझं ह्या बाजूला हाय, बघ..."

"न्हाई. आरशात तसंच दिसतं."

"कुठल्या आरशात?" बाई म्हणली. "आरसा तर..."

"पप्पांच्या गाडीच्या."

मला दिसायला लागली ती पोरगी, अंगणात गाडी उभी आणि ही एकटी त्या गोल आरशात बघत. आईनं आरसा पत्र्याजवळ टांगला आणि ही रोज जाऊन बघून यायची. तिला सगळं माहीत होतं. कुठं वर उचललंय, कुठं मोडलंय, सगळं.

काकांनी बाहुली तिच्यापुढं धरली. समोरासमोर. आणि खरंच, अशी समोर धरली की पोरगी आरशात बघते तशीच ती दिसत होती. पोरीनं एका हातानं बाहुली घेतली. बघितलं. लई वेळ. मंग कपाळाला आठी घातली आणि म्हणली,

"पण हे कमी केलंय."

"काय कमी केलंय?" काका एकदम ताठ बसले. कामातली चूक काढली की असे बसायचे.

"इथं संपवलं तुम्ही. माझं वर नाकापर्यंत जातं. आणि नाक असं हाय इथं, दाबल्यासारखं."

"असं कसं? मला फोटोत दिसलं न्हाई."

"हाय ना!"

"कुठं? दाखव."

आणि तिनं हात काढला.

म्हंजे तिच्या ध्यानातच आलं न्हाई. तिला दाखवायचं होतं. एका हातात बाहुली, दुसऱ्या हाताचं बोट नाकाखाली ठेवून, "हे बघा, हे इथून असं." बाईनं पदराचा बोळा करून तोंडात धरला.

आणि काका! तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? "किती गोड पोरगी," म्हणलो असतो. रडलो असतो. काका म्हणले, "तिथं अंधार हाय. खिडकीपाशी ये."

पोरगी गेली खिडकीपाशी.

"बस. हनुवटी वर. हलू नको." त्यांनी पुट्टीचे दोन तुकडे घेतले आणि मळायला लागले. "हात लावू का?"

पोरीनं मान हलवली. काकांनी डोळे मिटले, अंगठा फिरवला. वरचा ओठ, व्रण, नाकपुडी. मंग डोळे उघडून म्हणले, "बराबर. चूक माझी. आता जल्दी करायचं, हे घट्ट व्हायच्या आत. हात मधे आणला तर उजेड अडंल. समजलं?"

"समजलं."

अर्धा तास ती तशी बसली. उन्हात, तोंड वर करून. दोन्ही हात मांडीवर. काका एकदा तिच्याकडं बघायचे, एकदा बाहुलीकडं. मधेच विचारायचे, "एवढं?" ती म्हणायची, "अजून वर." "एवढं?" "हां." मंग म्हणली, "भोवरा जरा जास्त मोठा केलाय." काका म्हणले, "तो केसाचा हाय, नंतर कापू. एका वेळी एक काम." मी मोबाईल काढला होता रीलसाठी. परत खिशात ठेवला.

झाल्यावर पोरीनं बोट फिरवून बघितलं. आधी बाहुलीच्या ओठावर, मंग स्वतःच्या, परत बाहुलीच्या.

काकांनी विचारलं, "हं?"

पोरगी म्हणली, "हं."

मंग ती आईकडं वळली, तसंच उघडं तोंड घेऊन, आणि म्हणली, "मम्मी, हिचं दप्तर कुठंय? ड्रेस घातलाय आणि दप्तर न्हाई."

काकू डोळे पुसत मशीनवर बसल्या आणि उरलेल्या निळ्या कापडाचं दप्तर शिवायला लागल्या. सोमवारी शाळा होती.

मला आता सांगा, तुम्हाला असं कोणी भेटलंय का? लाड न करता, कीव न करता, सरळ उजेडात बस म्हणणारं? आणि तुम्ही हात कधी खाली घेतला ते तुमचं तुम्हालाच कळलं न्हाई, असं झालंय का कधी?